फटफटी उभी राहिली तरी हात चालते राहावेत

भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी किंवा पवनी येथील जुन्या वस्तीतून फेरफटका मारला, तर एखाद्या घराच्या सपरीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मोटारसायकल दृष्टीस पडते. ती राजदूत असते, येझदी असते, बुलेट असते किंवा आरएक्स १०० असते. घरातील तरुण मंडळींना ती अडगळ वाटते. परंतु ज्यांनी तिच्यावरून धानाच्या बांध्या गाठल्या, कारखान्याच्या पाळ्या केल्या आणि लेकरांना परीक्षेच्या केंद्रावर पोहोचवले, त्यांच्या लेखी ती उमेदीच्या वर्षांची सोबतीण असते. म्हणूनच भंगारवाला दाराशी आला, की घरात दोन पक्ष पडतात.

वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबांनी या प्रश्नाकडे आरोग्याच्या अंगानेही पाहावयास हवे. गाडी चालवणे आणि गाडीची निगा राखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट वयोमानाप्रमाणे केव्हा ना केव्हा थांबवावी लागते. दुसरी मात्र, योग्य खबरदारी घेतल्यास, त्यानंतरही कित्येक वर्षे करता येते. पुष्कळ घरांत या दोन्ही एकाच दिवशी बंद केल्या जातात. किल्लीबरोबर पान्यांची पेटीही काढून घेतली जाते आणि कालपर्यंत कामात असलेला माणूस एकाएकी रिकामा होतो.

यंत्राशी जुना परिचय

पितळी भांड्यांच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला धातुकाम नवे नाही. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना आणि तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी यांत आयुष्य वेचलेली अनेक माणसे आज निवृत्त आहेत. ज्यांचे हात तीस-पस्तीस वर्षे यंत्रांवर फिरले, त्यांना केवळ दूरदर्शन संच पाहून दिवस ढकलणे जड जाते.

सुदैवाने त्यांच्या काळातील गाड्यांची रचना घरी दुरुस्त करता येण्याजोगी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये जावा गाड्यांचे उत्पादन सुरू केले. पुढे त्याच कारखान्यातून येझदी निघाली आणि १९९६ मध्ये तो बंद झाला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवर आधारलेली होती. आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. या गाड्यांत संगणकीय भाग नाहीत. कार्बोरेटर, पॉइंट, प्लग, केबल आणि चेन हाच त्यांचा प्रपंच. दोष कोठे आहे हे डोळ्यांनी पाहता येते, कानांनी ऐकता येते आणि बोटांनी चाचपता येते.

या कामाने काय साधते?

नट हलकेच सोडवणे, केबलला तेल देणे, प्लगचे टोक साफ करणे या कृतींत बोटांची सूक्ष्म हालचाल, नजर आणि लक्ष यांचा मेळ घालावा लागतो. हाताने वर्षानुवर्षे केलेल्या कामाची स्मृती ही नावे किंवा तारखा यांच्या स्मृतीहून निराळी असते व बहुधा अधिक काळ टिकते. कालचे जेवण न आठवणारे आजोबा क्लचची केबल मात्र बिनचूक बसवतात, ती याचमुळे.

दुसरा लाभ संवादाचा. नातवाने मोबाइलवर छायाचित्रे काढावीत आणि आजोबांनी भागांची नावे सांगावीत, एवढ्यानेही घरातील मौन सुटते. येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. किक मारून झाल्यावर तोच पुढे वळवून गिअरसाठी वापरावयाचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. असे बारकावे शिकवताना वृद्ध माणूस घरात पुन्हा शिक्षकाच्या जागी बसतो.

तथापि, या कामाला व्यायामाचा पर्याय समजू नये. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. गाडीपाशी बसण्यापूर्वीचा सकाळचा फेरफटका म्हणूनच चुकवू नये.

जागा आधी, अवजारे नंतर

जमिनीवर उकिडवे बसून काम करण्याची आपली जुनी सवय गुडघ्यांना आणि कंबरेला सोसत नाही. बसण्यासाठी पाठ असलेली भक्कम खुर्ची घ्यावी. काढलेले भाग कंबरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवून साफ करावेत. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना चक्कर येण्याचा संभव अधिक असतो. जमिनीवर सांडलेले तेल तत्काळ वाळू किंवा भुसा टाकून टिपावे. वृद्धापकाळात खुब्याचे हाड मोडण्यास एकदा घसरणे पुरेसे होते.

जुनी बुलेट दीडशे किलोहून जड असते आणि आरएक्स १०० शंभर किलोच्या आसपास. ती मधल्या स्टँडवर चढवण्याचे काम तरुण माणसाने करावे. किक मारणेही त्यालाच सोपवावे. बुलेटची किक उलटी बसली, तर निरोगी माणसाचाही घोटा दुखावतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने हे धाडस करू नये.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर चपलेऐवजी बंद बूट घालावेत. तापलेल्या सायलेन्सरचा चटका अशा पायाला जाणवत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हातमोजे वापरावेत व धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे. भंडाऱ्याचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आतच काम आटोपावे.

न दिसणारे धोके

पेट्रोल काढण्यासाठी नळी तोंडात धरून ओढण्याची रीत आपल्याकडे सर्रास आढळते. ती पूर्णपणे सोडावी. पेट्रोलचा अल्पसा अंशही श्वासनलिकेत गेला, तर फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. असे घडल्यास उलटी करवू नये आणि मीठपाणी पाजू नये. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो. तोंड धुऊन, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, लागलीच रुग्णालय गाठावे. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकतात, म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये. टाकी रिकामी करावयाची असल्यास नळीला हातपंप जोडावा किंवा मिस्त्रीला बोलवावे. पेट्रोलने हात धुणेही टाळावे.

बंद खोलीत इंजिन एक मिनिटही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे होत. हृदयविकार असलेल्यांना तो अधिक घातक ठरतो. राजदूत, येझदी आणि आरएक्स यांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते. तो धूर दम्याच्या रुग्णाने उघड्या अंगणातही टाळावा.

जुन्या ब्रेक शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यावरील धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने पॉलिश पेपर कोरडा न घासता पाण्याबरोबर घासावा.

जुन्या राजदूत व जावाची बॅटरी ६ व्होल्टची असते. तिला १२ व्होल्टचा चार्जर जोडू नये. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विडी-सिगारेट ओढू नये. बॅटरीतील आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि मग रुग्णालयात न्यावे.

महिन्याभराचा सोपा क्रम

सर्व काही एकाच दिवशी उघडून बसू नये. दररोज पाऊण तास पुरेसा आहे.

पहिल्या आठवड्यात गाडी केवळ पुसून काढावी, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तुटलेल्या भागांची वहीत नोंद करावी. दुसऱ्या आठवड्यात प्लग काढून साफ करावा, चेन पुसून तिला तेल द्यावे. तिसऱ्या आठवड्यात क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली पाहाव्यात. चौथ्या आठवड्यात कार्बोरेटर उघडावा. त्यातील पेट्रोल मात्र आधीच तरुण माणसाने काढून टाकलेले असावे. कार्बोरेटरमधील जेट पितळेचे असतात. त्यांच्या बारीक छिद्रात तार घालू नये, अन्यथा छिद्र मोठे होऊन गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते.

काढलेले नट-बोल्ट निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत व प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लावावी. काढण्याचा क्रम वहीत लिहावा. बसवताना तोच उलट्या बाजूने वाचावा. पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती पाहताना जवळचा चष्मा आणि चांगला दिवा हवाच. ब्रेक, चाक आणि हँडल यांचे काम घरी झाले, तरी शेवटची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

अलीकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागले. त्याने जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वाशर लवकर खराब होतात, शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून नळी दर सहा महिन्यांनी तपासावी आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. गळकी नळी म्हणजे घरात उघडे ठेवलेले पेट्रोलच होय.

चालवणे केव्हा थांबवावे?

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, गाडी उभी करताना तोल जाणे, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, मान वळवून मागे पाहता न येणे, रक्तातील साखर वारंवार कमी होणे, ही गाडी थांबवण्याची चिन्हे आहेत. झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी औषधे घेतल्यावरही गाडी चालवू नये. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते व त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ही केवळ औपचारिकता न मानता डोळे, कान आणि औषधे यांची खरी तपासणी करून घेण्याची संधी मानावी.

गाडीचीही कागदपत्रे पाहावीत. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. ज्यांनी चालवणे सोडले आहे, त्यांच्यापुढे मूळचा प्रत्येक भाग जपण्याचे उद्दिष्ट ठेवावयास ही वाट चांगली आहे.

ही गोष्ट वडिलांना कशी सांगावी, हाच खरा अवघड प्रश्न आहे. ‘तुम्हाला आता जमायचे नाही’ असे म्हटले, की माणूस दुखावतो आणि हट्टाने किल्ली उचलतो. ‘बाबा, प्लग तुम्ही पाहून द्या, चक्कर मी मारून आणतो; आवाज कसा येतो ते तुम्हीच सांगा’ असे म्हटले, तर चालवण्याचे काम मुलाकडे येते आणि पारखण्याचा मान वडिलांकडे राहतो.

विस्मरणाचा आजार असल्यास नियम अधिक कडक हवेत. टाकी पूर्ण रिकामी असावी, बॅटरीची तार काढलेली असावी, किल्ली घरातील जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि काम कोणाच्या तरी सोबतीनेच व्हावे. अशा वेळी गाडी सुरू व्हावी ही अपेक्षाच ठेवू नये. एकच भाग दररोज पुसला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला तरी बिघडत नाही. त्यातून मिळणारी शांतता हेच त्या कामाचे फळ समजावे.

तेव्हा भंगारवाल्याशी भाव ठरवण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना एकदा विचारावे. त्यांचा होकार असेल, तर निरोप द्यावा. नकार असेल, तर येत्या रविवारी सपरीत खुर्ची मांडून द्यावी, पान्यांची पेटी हाताशी ठेवावी आणि स्वतःही तासभर शेजारी बसावे.