चेहरा नसलेला पाठलाग

‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९) पाहायला लोक पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्डसाठी बसतात. मी बसते ती मधल्या पाठलागासाठी. बुच आणि सनडान्स हे दरोडेखोर युनियन पॅसिफिकची गाडी लुटतात आणि रेल्वेचा धनी हॅरिमन या दोघांच्या मागावर निवडक घोडेस्वार सोडतो. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल त्यांचे चेहरे एकदाही जवळून दाखवत नाही. दिवसा लांबवर धूळ, रात्री कंदिलांचे ठिपके, कुणाची तरी पांढरी टोपी. उघड्या खडकावरही त्यांना माग लागतो! ही माणसं आहेत तरी कोण, असं दोघं विचारत राहतात आणि माझ्याही पोटात गोळा येतो. शेवटी कड्यावरून नदीत उडी मारायची वेळ येते, तेव्हा सनडान्स कबूल करतो, मला पोहता येत नाही.

खरे बुच आणि सनडान्स, म्हणजे पार्कर आणि लाँगबॉ, १९०१मध्ये दक्षिण अमेरिकेला गेले. १९०८मध्ये बोलिव्हियातल्या सान व्हिसेंते इथे त्यांचा अंत झाला, असं मानलं जातं. त्यांची गोष्ट सांगणाऱ्या विल्यम गोल्डमनच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. वेस्टर्नचा नायक पाठ दाखवत नाही, हा संकेत त्याने मोडला, ते मला ऑस्करहून मोठं वाटतं.