उतारवयातील सायकल : वेगासाठी नव्हे, तोलासाठी हलकी

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील अनेक घरांच्या गच्चीवर वा जिन्याखाली एक गिअरची सायकल धूळ खात उभी असते. नातू आठवी-नववीत असताना ती हौसेने घेतली गेली; पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला किंवा नांदेडला गेला आणि टायरमधली हवा उतरली ती उतरलीच. त्याच घरातील आजोबांनी आयुष्यभर काळी दांडीची सायकल चालविलेली असते. शेत, शाळा, कचेरी, आठवडी बाजार सारे त्याच सायकलीवर. मग एके दिवशी ती ओट्यावर चढवताना कंबर धरते आणि मुलगा म्हणतो, "बाबा, आता सायकल राहू द्या, पडाल."

मुलाची चिंता खोटी नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर महिनोन् महिने परावलंबन येऊ शकते. परंतु सायकल सुटली की बाहेर पडणेही सुटते, पायांतील बळ ओसरते आणि मनुष्य घरातल्या घरातही अडखळू लागतो. म्हणून सायकल सोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाहावा : शरीर खरोखर थकले आहे, की सायकल त्या शरीरास जड झाली आहे? दुसरे कारण असेल, तर उपाय बहुधा गच्चीवरच आहे.

वजन कुठे आड येते?

शर्यतीतील स्पर्धक सायकलीचे ग्रॅम मोजतो ते वेगासाठी. आपल्याला वेग नको आहे. ज्येष्ठांचा तोल अनेकदा जातो तो सायकल धावत असताना नव्हे, तर चढताना, उतरताना, थांबताना आणि वळवताना. कॅरिअर, चेनकव्हर आणि दुहेरी स्टँडसह काळी सायकल साधारण वीस किलोंच्या घरात जाते. ती कलली की तिला सावरण्यास जे बळ लागते, ते सत्तरीतील मनगटात व कमरेत उरलेले नसते. तेरा किलोंची सायकल कलली, तर तीच व्यक्ती तिला सहज उभी करू शकते. हलकेपणाचा खरा लाभ हा आहे.

गच्चीवरील सायकल कशी पारखावी?

प्रथम चुंबक घ्यावे. फ्रेमला ते चिकटले तर फ्रेम पोलादी, न चिकटल्यास बहुधा ॲल्युमिनियमची. नंतर शॉकअप पाहावेत. केवळ पुढच्या चिमट्यात शॉकअप असून मागचा भाग अखंड असेल, तर त्या रचनेस 'हार्डटेल' म्हणतात. आपल्यासाठी हीच योग्य. स्वस्त सायकलींतील मागचे शॉकअप वजन वाढवतात आणि पायांचा जोर खातात. पुढचे शॉकअप मात्र खडीच्या रस्त्यावर मनगटे व खांदे यांना दिलासा देतात.

तिसरे म्हणजे वजन. हळदीच्या आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. त्यावर सायकल ठेवून पाहावी. ॲल्युमिनियमची हार्डटेल साधारण चौदा-पंधरा किलो भरते. योग्य सुटे भाग बदलल्यास त्यातून दीड-दोन किलो कमी होऊ शकतात. पोलादी फ्रेमची, दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल अठरा किलोंच्या आसपास भरत असेल, तर तिच्यावर खर्च करू नये. ती हलकी होणार नाही. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः हँडलखाली आणि पायडलच्या धुरीजवळ, तडा दिसल्यास ती सायकल कोणासही चालविण्यास देऊ नये.

गुडघा किंवा खुबा फारसा वर उचलत नसेल, तर दांडी ओलांडण्याचा हट्ट नको. मधली दांडी खाली असलेली, ज्यास आपण 'लेडीज सायकल' म्हणतो, ती अशा पुरुषांसही अधिक सुरक्षित. पुढील सूचना तिलाही लागू आहेत.

सुधारणांचा क्रम

माउंटन बाइकचा जन्मच जुन्या सायकलींच्या दुरुस्तीतून झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यातील काही तरुण जाड टायरच्या जुन्या, अवजड सायकली डोंगरउतारावरून पळवीत. 1976 मध्ये तेथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. नावाचे कारण मजेशीर आहे : उतारावर ब्रेक इतके तापत की मागच्या चाकातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. याच मंडळींनी त्या सायकलींना चांगले ब्रेक व गिअर जोडले. 1977 मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी फ्रेम घडविली. आपणही ब्रेकपासूनच आरंभ करावा.

ब्रेक : जुन्या वायरी व ब्रेकचे रबर बदलावेत. ब्रेकच्या मुठीजवळ एक लहान स्क्रू असतो. तो फिरवून मूठ हँडलजवळ आणता येते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना हा बदल फार मोलाचा ठरतो. दोन बोटांनी सायकल थांबली पाहिजे, ही कसोटी. लोखंडी रिंग असल्यास ती बदलून ॲल्युमिनियमची बसवावी. ती हलकी असतेच, शिवाय रबरी ब्रेक ओल्या लोखंडी रिंगेवर घसरतात, तसे हिच्यावर होत नाही.

टायर : मोठ्या गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर जड चालतात. मध्यभागी सलग पट्टी व कडांना लहान गोटे असलेला, मध्यम रुंदीचा टायर निवडावा. घडी होणारा टायर तारेच्या काठाच्या टायरपेक्षा हलका असतो. फिरणाऱ्या भागाचे वजन घटले की पहिले पायडल मारणे सोपे जाते, आणि ज्येष्ठांना नेमके तेच कठीण वाटते. आपल्याकडे बाभळीच्या काट्यांचा जाच मोठा. म्हणून ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घ्यावा. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा किंचित कमी ठेवल्यास खड्ड्यांचे हादरे सौम्य होतात.

बैठक : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, अशी सर्वसाधारण उंची. आरंभी मात्र दोन्ही पावलांचे चवडे जमिनीस टेकतील इतकी सीट खाली ठेवावी. धीर आल्यावर हळूहळू वाढवावी. फार खाली ठेवल्यास गुडघे दुखतात, हेही विसरू नये. सीटचा दांडा त्यावरील खुणेपलीकडे वर काढू नये. हँडल ज्या आखूड दांडीवर बसते तो 'स्टेम' बदलून हँडल उंच व जवळ आणता येते. त्याने मान आणि कंबर सुखावतात. जननेंद्रियाच्या भागात बधिरता जाणवल्यास सीटचे टोक किंचित खाली करावे. तरीही ती राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गिअर : काळ्या सायकलीस पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. औंढा नागनाथच्या परिसरातील चढावर गुडघ्यांची परीक्षा होते. गिअरच्या सायकलीत पुढे 24 व मागे 28 दाते घेतल्यास एका फेरीत पावणेदोन मीटरच अंतर कापले जाते. मागे 34 दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास ते दीड मीटरच्या आत येते. अंतर घटले म्हणजे जोर घटला. मागचा डिरेलर एवढे मोठे फ्रीव्हील पेलतो का, हे मिस्त्रीस विचारून घ्यावे.

वजन : ते सर्वांत शेवटी. लोखंडी सीटदांडा व हँडल यांच्या जागी ॲल्युमिनियमचे घ्यावेत. अवजड कॅरिअर व दुहेरी स्टँड काढून हलका एकेरी स्टँड लावावा. घंटी, दिवा, मागचे लाल परावर्तक आणि आरसा यांना मात्र वजनाच्या नावाखाली हात लावू नये.

शरीराचीही तपासणी

हृदयविकार, चक्कर, अपस्मार, हाडांची ठिसूळता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा अधू दृष्टी असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना सायकल नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा गूळ असावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्यास मार लागल्यास, तो किरकोळ वाटला तरी, तत्काळ रुग्णालय गाठावे. भक्कम आधाराजवळ, कोणी शेजारी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. ते जमत नसेल, तर आधी तोलाचे व्यायाम करावेत, सायकल नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. सायकल चालविताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम मध्यम समजावेत. सायकलीवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही. म्हणून गुडघ्यांना ती सोसते, पण हाडे बळकट करण्यास ती अपुरी पडते. चालणे चालूच ठेवावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

"नको" म्हणण्याऐवजी अटी ठरवाव्यात. पहिले पंधरा दिवस मोकळ्या मैदानात, कोणी सोबत असताना. आरंभी सायकल हाती धरून चालणे, मग चढणे-उतरणे, मग थांबणे, चालविणे त्यानंतर. शिरस्त्राण नेहमी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतणे; पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा वर्ज्य, कारण तो चिखल चिमट्यात अडकून चाक रोखतो. खिशात भ्रमणध्वनी आणि औषधांची यादी. ट्रकांच्या हमरस्त्याऐवजी गावातला रस्ता.

आणि सायकल दुरुस्तीस नेताना आजोबांनाही सोबत न्यावे. हँडल किती उंच, ब्रेक किती हलका, हे त्यांच्या हातांनाच कळते. मिस्त्रीशी बोलून त्यांनीच ठरविलेली सायकल ते अधिक जपून चालवतील. पुढे कधी थांबायची वेळ आली, तर तो निर्णयही त्यांचा त्यांनाच अधिक सहजपणे घेता येईल.