प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी चूल

डिसेंबर 2017 मध्ये पायथनच्या जँगो या वेब-फ्रेमवर्कची 2.0 आवृत्ती आली. पुढच्या सत्रात संगमनेरच्या एका लॅबमध्ये सबमिशन चार दिवसांवर आलेलं असताना एका गटाचा प्रोजेक्ट उघडेचना. त्यांनी कोडला हातही लावला नव्हता. शेजारच्या गटानं त्याच मशीनवर नवी आवृत्ती टाकली होती. यांचं लिखाण 1.11 वरचं. तिथं फॉरेन-की लिहिताना ‘ऑन-डिलीट’ दिलं नाही तरी चालायचं, 2.0 नं ते सक्तीचं केलं. एका चुलीवर दोन बिऱ्हाडं शिजवत होती. त्या लॅबमध्ये शिकवायला मीच होतो आणि वेगळ्या चुली मांडायला मी त्यांना शिकवलंच नव्हतं.

खरं तर तोवर उपाय दहा वर्षं जुना झाला होता. 2004 च्या ‘ईझी-इन्स्टॉल’नं पॅकेज टाकणं सोपं केलं, पण काढायची सोय दिली नाही. प्रोग्रॅमर इयन बिकिंग यांनी 2007 मध्ये प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी चूल देणारं ‘व्हर्च्युअल-एन्व्ह’ आणि 2008 मध्ये पॅकेज टाकणारं-काढणारं ‘पिप’ आणलं. 2012 च्या पायथन 3.3 पासून तशीच चूल मांडणारं ‘व्हेन्व्ह’ पायथनबरोबरच मिळू लागलं. आम्ही मात्र ‘सुडो पिप इन्स्टॉल’ करत, म्हणजे थेट मशीनच्या पायथनमध्येच पॅकेज टाकत राहिलो. आमच्या मशीनवरच्या उबंटू लिनक्सची स्वतःची काही साधनं पायथनवरच चालतात. त्यामुळे एखादं पॅकेज बदललं की मशीनचं पोटही बिघडायचं.

त्या सत्रानंतर प्रत्येक गटाला स्वतंत्र ‘व्हेन्व्ह’ करायला लावलं. मग नवी अडचण आली: तीस मशीन तेच पॅकेज तीस वेळा उतरवू लागली आणि नेट रांगू लागलं. ‘पिप डाउनलोड’नं एकदाच सगळ्या फाइली घेतल्या, पेन ड्राइव्हवर भरल्या आणि ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ देऊन त्याच फोल्डरमधून सगळीकडे बसवल्या. नेट गेलं तरी तास अडला नाही.

स्वतःचं पॅकेज लिहिणाऱ्यांसाठी मोठा बदल झाला तो ‘पिप इन्स्टॉल’पुढे ‘-ई’ आणि एक टिंब टाकण्याचा. त्यामुळे पायथन थेट आपल्या फोल्डरकडे बघतं. फाइल सेव्ह केली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला की बदल दिसतो. दर वेळी नव्यानं बसवावं लागत नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ‘बेंच’ उघडून बघा. त्यांच्या ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरचं काम त्यावरच चालतं. ‘ॲप्स’मध्ये कोड, ‘साइट्स’मध्ये साइट, ‘एन्व्ह’मध्ये त्या बेंचचं स्वतःचं पायथन, आणि ॲप याच पद्धतीनं जोडलेली. मुलांना मी हे उदाहरण हमखास दाखवतो.

2023 मध्ये डेबियन 12 या लिनक्सनं दार लावूनच घेतलं: सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपनं थेट पॅकेज टाकायला गेलं की नकार मिळतो. अनेकांना तो जाच वाटला, मला दिलासा वाटला. 2024 मध्ये चुली मांडणारं आणि पॅकेज बसवणारं, रस्ट भाषेत लिहिलेलं ‘यूव्ही’ आलं आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. आता ‘वेळ लागतो’ ही सबबही उरली नाही.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं आहे. मशीनचं पायथन मशीनला राहू द्या. प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी त्याची वेगळी चूल मांडा, स्वतःचा कोड ‘-ई’नं जोडा आणि आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आकड्यांसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो प्रोजेक्ट उघडणाऱ्या मुलाला ती फाइलच वाट दाखवेल.