बेलपाड्याची वाट

1996च्या डिसेंबरात औरंगाबादच्या मुकुंदवाडीतून आम्ही पाच जण पहिल्यांदा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे निघालो. नुसतं पायथ्याला पोचण्यात अख्खा दिवस गेला. तोवर आमचा कातळ म्हणजे मनमाडजवळची हडबीची शेंडी. पॅसेंजरने अंकाईला उतरायचं, चढायचं आणि रात्री घरी जेवायला हजर. हरिश्चंद्रगडाचं तसं नव्हतं. दोरांचं ओझं सांभाळत नगर, आळेफाटा करत माळशेज उतरलो, सावर्ण्याला एसटी सोडली आणि अंधारात बेलपाडा गाठला.

सकाळी उठलो तर कडा समोर. मधोमध आत ओढलेला आणि माथ्याला पुढे झुकलेला, नागाने फणा काढावा तसा. पश्चिमेकडे तोंड, त्यामुळे सकाळभर तो सावलीत. ज्यांच्या ओसरीवर झोपलो होतो ते बाबा नळीच्या वाटेने सोबत आले. हातात फक्त कोयता. प्रत्येक कातळटप्प्यापाशी ते आधी तळवा फिरवून ओल बघायचे, धोंडा पायाने हलवून मगच त्यावर भार टाकायचे. ‘‘वरून दगूड आला तर बघत राहू नका, कातळाला चिकटा,’’ एवढंच त्यांनी शिकवलं. पुढच्या सगळ्या चढाया मी त्या एका वाक्यावर केल्या आहेत. माथ्यावर पोचायला नऊ तास लागले.

नंतर नवख्या पोरांना घेऊन खिरेश्वराहून तोलार खिंडीने दोनदा गेलो. मग संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनई, आणि तीच आमची नेहमीची वाट झाली. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला, 26 मे 2023 ला भरवीरपर्यंत. आता पहाटे चारला माळीवाड्याहून गाडी वर घेतली की घोटी, बारीमार्गे राजुरात सकाळचा चहा आणि दुपारी कड्यावर. हे चांगलंच झालं. कुणाला लागलं तर आता तासांचा फरक पडतो, आणि माझ्या गुडघ्यांनाही ती पाचनईच बरी.

पण आमच्या नव्या आरोहकांनी कडा फक्त वरून पाहिला आहे. पालथं पडून खाली डोकावायचं, दोर सोडायचा, उतरायचं. इंद्रवज्राच्या, म्हणजे गोल इंद्रधनुष्याच्या, ओढीने येणारेही माथ्यावरच थांबतात. कर्नल साइक्सने ते पाहिल्याची 1835 ची नोंद आहे, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष वरूनच खाली. वरून कड्याचा पोटातला खोलगटपणा दिसत नाही. कुठला पदर थांबण्याजोगा, कुठे घसारा साचलाय, दगड सुटले तर कुठल्या घळीतून येतील, हे बेलपाड्याच्या शिवारातून पाहावं लागतं, तेही सकाळी एकदा आणि उन्हं कातळावर आल्यावर पुन्हा एकदा. मी तरी खालून न पाहिलेल्या कड्यावर कुणाला दोराला बांधणार नाही.

या डिसेंबरात सिडकोतली दोन पोरं पहिल्यांदा येत आहेत. गाडी आहे, समृद्धी आहे. तरीही माळशेज उतरून जायचं ठरवलं आहे आणि पहिला मुक्काम बेलपाड्यात.