दातांच्या तारा आणि लग्नाची तारीख

कोल्हापुरात दातांना तारा लावायची चौकशी बऱ्याचदा स्थळं बघायला लागल्यावर सुरू होते. "डॉक्टर, दिवाळीनंतर बघायला येणार हायत, तोवर दात आत जातील न्हवं?" दिवाळी चार महिन्यांवर आलेली असते. दात थोडेसेच पुढे असतील तर ठीक, एरवी या कामाला दीड-दोन वर्षं लागतात.

दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. तारेचा हलका दाब सतत राहिला की पुढच्या बाजूचं हाड विरघळत जातं आणि मागे नवं हाड भरत येतं. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवून काम लवकर उरकत नाही, उलट मुळं झिजायचा धोका वाढतो. "तारांनी दात कायमचे खिळखिळे होतात" ही समजूतही इथूनच आली असावी. उपचार चालू असताना दात थोडे हलतात हे खरंच, हलल्याशिवाय सरकणार कसे? नवं हाड भरलं की ते पुन्हा घट्ट होतात. हिरड्यांचा आजार असेल तर मात्र तो आधी बरा करावा लागतो.

सगळ्यात चिवट भीती नजरेची. जबड्यात जागा कमी असेल तर काहींच्या उपदाढा काढाव्या लागतात, आणि "वरचा दात काढला की नजर जाते" म्हणून घरच्यांचा पाय इथे मागे येतो. दातांची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. चाळिशी उलटली की दात काढायची वेळही येते आणि चष्माही लागतो, त्यामुळे एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं.

खरी चूक होते ती लग्नाच्या पंधरा वर्षं आधी. "दुधाचे दात, पडणारच की!" म्हणून किडलेली दुधाची दाढ वेळेआधी काढून टाकली जाते. मग शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते. जागा राखून ठेवणारं छोटं कडं बसवलं तर पुढचा पुष्कळ त्रास टळतो. दुसरी गफलत याहून मजेशीर आहे. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, तीही दुधाच्या दाढांच्या मागे. कुठला दात पडलेलाच नसतो, त्यामुळे आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी सोडून देतात.

म्हणून अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्यायला सांगते. तपासणी केली म्हणजे लगेच तारा लागल्या असं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दातांत फट दिसते, ती पुष्कळदा अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की आपोआप मिटते. ती मिटवायला घरी दातांना रबर बांधू नये. रबर हिरडीखाली सरकून मुळापर्यंत चढतं आणि चांगला दात हातचा जातो.

बरं, प्रत्येक वाकडा दात सरळ केलाच पाहिजे का? माझ्या मते नाही. दातावर दात असणारी भाग्यवान असं आपल्याकडे म्हणतात. जपानमध्ये तर पुढे आलेल्या सुळ्याला 'याएबा' म्हणून गोड मानतात. अशा दातापर्यंत ब्रश पोचत असेल आणि चावताना त्रास नसेल, तर तो ठेवायचा की नाही ही ज्याची त्याची हौस. वाकड्या दातांमुळे किडणं ठरलेलंच, असंही नाही. फार पुढे आलेल्या वरच्या दातांची गोष्ट मात्र वेगळी, कारण पडल्या-झडल्यावर तेच आधी तुटतात. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या पोराला एक कोपर बसलं तरी पुरे. पण पोरींना निदान लग्नासाठी तरी दवाखान्यात नेतात, पोराचे दात कोण बघतो?

वयाची अट जबड्याच्या वाढीला असते, दातांना नाही. हिरड्या आणि हाड धड असेल तर पन्नाशीतही दात सरकतात. पथ्य मात्र कोल्हापूरकराला जड जातं. ऊस दातांनी सोलायचा नाही, नळी फोडायची नाही, चिक्की तर विसरायचीच. तांबड्या-पांढऱ्याला हरकत नाही. खर्चाचं म्हणाल तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तो खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. बीडीएसनंतर या विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडे जावं.

तारा निघाल्या की काम संपलं, हा शेवटचा गैरसमज. दातांना जुन्या जागेची ओढ असते, म्हणून रिटेनर लावावा लागतो, आधी दिवसरात्र आणि पुढे कित्येक वर्षं रात्रीचा. लग्नाच्या गडबडीत तो माहेरच्या कपाटात राहतो. वर्षभराने शोधून काढला, तर तो दातांवर बसत नाही.