कृतज्ञता : मानण्याआधी जाणण्याची गोष्ट

'कृतज्ञ' या शब्दाची फोड मोठी बोलकी आहे. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले, हे जो जाणतो तो कृतज्ञ. आणि केलेल्याची जाणच जो पुसून टाकतो तो कृतघ्न. या शब्दाच्या मुळाशी भावनेच्याही आधी ज्ञान आहे. आभार मानायला एक शब्द पुरतो. जाणण्यासाठी मात्र क्षणभर थांबावे लागते, पाहावे लागते, प्रसंगी चौकशी करावी लागते. शहरातल्या धावपळीत आपण दिवसातून दहा वेळा 'थँक्यू' म्हणतो. त्यातले किती उच्चार जाणिवेतून उमटलेले असतात?

सवयीचा पडदा

याला केवळ माणसाचा स्वार्थीपणा कारणीभूत नाही. मनाची घडणच अशी आहे की, जे रोज मिळते ते त्याला दिसेनासे होते. चाळीतून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिले काही महिने स्वतंत्र न्हाणीघराचे अप्रूप असते. वर्षभरात तेच घर अपुरे वाटू लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या 22 जणांचा अभ्यास केला. ही मंडळी इतरांपेक्षा फारशी अधिक सुखी आढळली नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी झालेला दिसला.

त्यात भर म्हणजे, चांगल्यापेक्षा वाईट गोष्ट मनावर खोल उमटते. महिन्यातले एकोणतीस दिवस वेळेवर आलेल्या लोकलची कोणी दखल घेत नाही. तिसाव्या दिवशी ती अर्धा तास रखडली की दिवसभर कार्यालयात तोच विषय होतो. म्हणूनच कृतज्ञता आपोआप येईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ती सरावानेच अंगी बाणवावी लागते.

प्रयोग काय सांगतात?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या दोन मानसशास्त्रज्ञांचे 2003 साली प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात पायाभूत मानले जाते. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. पहिल्या गटातील विद्यार्थी आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. रोज नोंदी करणाऱ्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात आली : कृतज्ञतेची नोंद ठेवणाऱ्यांनी इतरांना आधार दिल्याचे अधिक प्रमाणात सांगितले.

टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आदी संशोधकांच्या 2008 सालच्या अभ्यासाने एक वेगळीच वाट दाखवली. आपली जोडीदाराशी भेट कशी झाली, हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती भेट कदाचित झालीच नसती, याची कल्पना करून लिहिणारे आपल्या नात्याविषयी अधिक समाधानी आढळले. 'हे आहे' यापेक्षा 'हे नसते तर?' हा प्रश्न सवयीचा पडदा अधिक सहज बाजूला करतो.

तथापि, हा काही रामबाण उपाय नव्हे. 2021 साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर अशा सरावाचा परिणाम अल्पच असल्याचे दिसले. खऱ्या अर्थाने खचलेल्या माणसाला 'तुझ्याकडे किती काही आहे, ते बघ' असे सुनावणे क्रूरपणाचे आहे. त्याला सोबतीची आणि डॉक्टरांच्या उपचारांची गरज असते.

नळाच्या पाण्यामागे

जाणणे म्हणजे नेमके काय, हे मुंबईच्या पाण्यावरून समजून घेता येईल. नळ सोडला की पाणी येते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण ते येते अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून. त्यातले तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले, तर मध्य वैतरणा 2014 साली कार्यान्वित झाले. भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध झालेले पाणी जलवाहिन्यांतून वस्तीपर्यंत पोहोचते आणि तिथे ठरलेल्या वेळी चावी फिरवणारा एक कर्मचारी असतो. आपण त्याला बहुधा कधी पाहिलेलेही नसते.

ही साखळी आणखी मागे नेली की, एक अस्वस्थ करणारी गोष्टही समोर येते. ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून महानगराला पाणी मिळते, तिथल्याच कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे कळल्यावर नुसते 'धन्यवाद' पुरेसे वाटत नाही. नळ वाहता ठेवून दाढी करताना हात आपसूक तोटीकडे जातो. खरी कृतज्ञता मनाला सुखावते, तशी ती वागणे बदलायलाही भाग पाडते.

टाळ्यांच्या पुढे

22 मार्च 2020 रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी दारात, गॅलरीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या टाळेबंदीत दूधवाला, भाजीवाली, सफाई कामगार, परिचारिका, घरकाम करणाऱ्या मावशी यांच्यावाचून आपले काय होते, हे शहरांनी अनुभवले. 'हे नसते तर?' हा प्रश्न तेव्हा कल्पनेतला राहिला नव्हता. व्यवहार सुरळीत झाले आणि पडदा पुन्हा पडला. मावशींनी पगारवाढ किंवा एक जादा रजा मागितली की, आपल्या कपाळावर आठी उमटतेच.

आपल्या परंपरेने हे विस्मरण ओळखले असावे. पोळ्याला बैलांची पूजा, दसऱ्याला अवजारांची आणि वाहनांची, लक्ष्मीपूजनाला केरसुणीची. ज्यांच्या जिवावर घर चालते, त्यांच्यासमोर वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही त्यामागची भावना. मात्र केरसुणीला हळदकुंकू वाहायचे आणि ती हाती धरणाऱ्याचे नावही ठाऊक नसायचे, ही विसंगती आपण कधी तरी पाहायला हवी. ज्याच्या वाट्याला अधिक आले आहे, त्याने कृतज्ञतेचा वसा आधी घ्यायचा असतो. कमी मिळालेल्याला समाधानाचे धडे देण्यासाठी तिचा वापर होऊ नये.

रोजचा सराव

त्यासाठी फार वेळ लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी एका वहीत दिवसातली एकच गोष्ट लिहावी, पण नेमकी लिहावी. 'घरच्यांबद्दल कृतज्ञ' असे मोघम वाक्य चार दिवसांत पोकळ होते. 'आज खोकला लागला, तेव्हा आईने न सांगता आल्याचा काढा करून दिला' हे वाक्य टिकते. ती गोष्ट कोणामुळे घडली, हेही लिहावे. अधूनमधून ती नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा. रोज लिहिणे यांत्रिक वाटू लागले, तर आठवड्यातून एकदा लिहावे.

आणि आठवड्यातून एकदा तरी वहीतली एखादी नोंद संबंधित माणसापर्यंत पोहोचवावी. सोसायटीच्या वॉचमनला नावाने हाक मारून, मावशींची रजा न कुरकुरता मंजूर करून किंवा गावी असलेल्या वडिलांना कामाशिवाय फोन करून. आपण केलेले कोणाच्या तरी लक्षात आहे, एवढे कळले तरी त्या माणसाचा दिवस थोडा हलका होतो.