शेवगावची रेघ

विधानसभेचा निकाल लागला की मतदारसंघाचा इतिहास एका कोष्टकात मावतो: वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, मताधिक्य. शेवगावचे असे कोष्टक फार सरळ दिसते. 2009 मध्ये राष्ट्रवादीचे चंद्रशेखर घुले, मग 2014, 2019 आणि 2024 अशा तीन निवडणुका भाजपच्या मोनिका राजळे. एवढ्यावरून ‘भाजपचा गड’ म्हणून टाकणे सोपे आहे. पण निकालाचा खरा कागद हे कोष्टक नव्हे. तो असतो नमुना 20, म्हणजे केंद्रागणिक कोणाला किती मते पडली त्याचा तक्ता. तो घेऊन बसणाऱ्याला पहिल्याच पानावर एक किचकट काम करावे लागते. केंद्रांना गावे लावायची, गावांना महसूल मंडळे, मंडळांना तालुके, आणि मग तीच गावे मागच्या नकाशात कुठे होती ते पाहायचे. कंटाळवाण्या या कामाने शेवगावविषयीचे एक मत मात्र पक्के होते. इथे पक्ष बदलले, माणसे बदलली, पण निकालाचे वळण सगळ्यांत जास्त बदलले ते 2008 मध्ये आखलेल्या एका रेघेने.

त्या वर्षी मतदारसंघांची फेरआखणी लागू झाली, 2001 च्या जनगणनेच्या आधाराने. त्यापूर्वीच्या मतदारसंघाला लोक शेवगाव-नेवासा म्हणत, कारण नेवासा तालुक्याचा एक भाग शेवगावला आणि दुसरा नगर-नेवासा मतदारसंघाला जोडलेला होता. पाथर्डीचा आमदार वेगळा. नव्या नकाशात नेवासा स्वतंत्र झाले, पाथर्डी नावाचा मतदारसंघ संपला, पाथर्डी शहर आणि कोरडगाव, टाकळी मानूरकडची गावे शेवगावात आली, तर मिरी-करंजीचा पट्टा राहुरीला गेला. नाव तेवढे शेवगावचे राहिले. म्हणून 2004 आणि 2009 चे आकडे एकाखाली एक मांडून ‘मते वाढली’, ‘मते घटली’ म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या शेतांचा उतारा एकाच वहीत मांडणे. दुर्दैवाने बहुतेक राजकीय विश्लेषणे हेच करतात.

रेघेचा परिणाम पाहायचा तर कारखान्यांकडे पाहावे. घुले घराणे शेवगाव तालुक्यातल्या दहिगाव-नेचे, पण मारुतराव घुले यांनी उभारलेला ज्ञानेश्वर सहकारी साखर कारखाना भेंड्याला, म्हणजे नेवासा तालुक्यात. जुन्या मतदारसंघात घर आणि कारखाना दोन्हीकडची माणसे एकाच उमेदवाराच्या मागे उभी करणे शक्य होते, आणि 2004 मध्ये नरेंद्र घुले तिथून आमदार होते. नव्या आखणीत भेंडे पलीकडे गेले. याउलट राजळ्यांचा वृद्धेश्वर कारखाना पाथर्डीतल्या आदिनाथनगरचा, म्हणजे रेघेच्या आत. पाथर्डीच्या ढाकणे घराण्याशी जोडलेला केदारेश्वर बोधेगावचा, तोही आत. कारखान्याचा सभासद म्हणजे मत असे गणित कोणी मांडू नये, ते तसे नसतेच. पण उसाचे पेमेंट, तोडीचा नंबर, गटाच्या कार्यकर्त्याची ऊठबस या सगळ्यातून जे जाळे विणले जाते, त्याचा एक मोठा तुकडा एका घराण्याच्या हातून निसटला. तरी 2009 ची पहिली निवडणूक घुल्यांनीच जिंकली, हा माझ्या मताविरुद्धचा पुरावा आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की त्या वेळी मुख्य लढत पाथर्डीच्या प्रताप ढाकण्यांशी होती, राजळ्यांशी नव्हती.

आक्षेप असा येईल की 2014 ला मोदी लाट होती, रेघेचे काय घेऊन बसलात? लाट होतीच. राजळ्यांना तेव्हा सुमारे 1 लाख 34 हजार मते पडली आणि घुल्यांवर त्यांनी 53 हजारांची आघाडी घेतली. पण लाटेने जिंकलेली जागा लाट ओसरताना कशी वागते ते पाहावे. 2019 मध्ये त्याच उमेदवाराची मते 1 लाख 12 हजारांवर आली आणि प्रताप ढाकण्यांवरचे मताधिक्य 14 हजारांवर. 2024 मध्ये मते लाखाच्याही जरा आत गेली, पण मताधिक्य वाढून 19 हजारांवर पोहोचले. मते घटली आणि मताधिक्य वाढले, कारण विरोधी मते दोघांत वाटली गेली: शरद पवार गटाच्या ढाकण्यांना 80 हजारांवर, अपक्ष घुल्यांना 57 हजारांवर. दोघांची बेरीज विजयी आकड्याहून मोठी, म्हणून एकास एक लढत झाली असती तर निकाल उलटा लागला असता, असे मी म्हणणार नाही. घुल्यांचे मत ढाकण्यांकडे वळेलच असे नाही. शेवगाव तालुक्यातल्या कित्येकांसाठी ढाकणे आणि राजळे दोघेही ‘पाथर्डीचेच’. नेमका हाच मुद्दा आहे. आणि पक्षाचे म्हणाल तर हेच ढाकणे 2009 मध्ये भाजपचे उमेदवार होते.

दुसरा आक्षेप जातीचा. भगवानगडाचा परिसर, वंजारी समाजाची दाट वस्ती, मुंडे घराण्याला मानणारा वर्ग हे सगळे खरे. पण जातीचे संख्याबळही रेघेच्या आत मोजावे लागते. जुन्या पाथर्डीतून बबनराव ढाकणे एकाहून अधिक वेळा विधानसभेत गेले, पुढे विरोधी पक्षनेतेही झाले. तोच समाज आता शेवगावच्या कालव्याखालच्या गावांबरोबर मोजला जातो. एका बाजूला ऊस लावणारा, दुसऱ्या बाजूला ऊस तोडायला परजिल्ह्यात जाणारा. 2024 चे मतदान 20 नोव्हेंबरला झाले आणि गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला होता. याआधीच्या तिन्ही निवडणुका ऑक्टोबरमधल्या. त्यामुळे मतदानाच्या टक्केवारीची तुलना करतानाही तारीख आधी पाहावी लागते.

या दोन तालुक्यांचे नाते तसे जुनेच आहे. 1968 मध्ये पाथर्डीच्या प्रश्नांसाठी बबनरावांनी प्रेक्षक सज्जातून विधानसभेत पत्रके फेकली, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत शेवगावचे बाळासाहेब भारदे होते. एक खुर्चीत, एक सज्जात. आता मिरी-करंजीचा पट्टा सोडला तर दोघांच्याही तालुक्यांना मिळून एकच जागा आहे. रेघ लोकसभेलाही दिसते: भेंड्याचा मतदार शिर्डीसाठी मत देतो, दहिगाव-नेचा अहमदनगरसाठी. आणि मिरीचा शेतकरी तहसीलच्या कामाला पाथर्डीला जातो, आमदार मात्र राहुरीचा निवडतो.